वहीतल्या अठ्ठावीस उल्का

“दहा वाजून एकेचाळीस मिनिटं,” मी वहीतून वाचलं. “पांढरी, खूप तेजस्वी. डाव्या हाताला.”

जमीलनं त्या वेळेचा फोटो पडद्यावर उघडला. वीस सेकंदांचं आकाश होतं ते. मृगाचे तीन तारे, बाजूला मिथुनातली जोडी, खाली संत्र्याच्या झाडांची काळी कड. त्यानं फोटो मोठा करून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवला.

“नाही,” तो म्हणाला.

“नीट पाहा ना. एवढी मोठी होती, मी ओरडलो होतो.”

“हाव, तुम्ही ओरडले ते आठवते मले. पण उल्का नाही इथं.”

“मागचा फोटो पाहा. पुढचा पाहा.”

त्यानं दोन्ही पाहिले. नव्हती. त्यानं वहीतल्या त्या ओळीपुढे पेन्सिलनं फुली मारली आणि म्हणाला, “पुढची सांगा.”

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. एसटीत ड्रायव्हर होतो आणि परतवाडा ते चिखलदरा ही घाटाची गाडी चालवायचो. एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. जमीलचा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढून त्याचं घर चालायचं, पण वेड आकाशाचं. दर अमावास्येला तो तिवई आणि कॅमेऱ्याची पेटी घेऊन माझ्या गाडीनं वर जायचा, तिथून ओळख झाली. पुढं मीही त्याच्यासोबत रात्री बसायला लागलो. त्याच्यापेक्षा मी बारा वर्षांनी मोठा, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा.

त्या डिसेंबरात मिथुन राशीतून उल्का पडणार होत्या. डोंगराच्या पायथ्याशी जमीलच्या मेव्हण्याचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथल्या विहिरीच्या मोटारीच्या खोलीच्या छतावर आम्ही तीन रात्री बसलो. तारे सरकतात त्या चालीनं कॅमेरा फिरवणारं एक यंत्र जमीलनं स्वतः जुळवलं होतं. कॅमेरा ताऱ्यांच्या मागं जायचा आणि वीस वीस सेकंदांचे फोटो काढत राहायचा. माझं काम नुसतं डोळ्यांचं. कॅमेऱ्याच्या शेजारी लोखंडी खुर्ची टाकायची, कॅमेरा पाहतो तिकडेच पाहायचं आणि ठळक उल्का दिसली की घड्याळ पाहून वहीत लिहायचं. वेळ, रंग, बाजू. बारीकसारीक सोडून द्यायच्या. तीन रात्रींत माझ्या वहीत एकोणसाठ झाल्या होत्या.

मग फोटोंचं काम. हजाराच्या वर फोटो. जमीलच्या कॉम्प्युटरनं ते तारा ताऱ्यावर बसवून एकावर एक रचले, त्याला पूर्ण दीड दिवस लागला. एकटा फोटो मातकट आणि दाणेदार दिसतो. शेकडो एकावर एक आले की दाणे विरून जातात आणि आकाश खोल होत जातं. पण या रचण्यात एक गोष्ट होते. जे एकाच फोटोत आहे आणि बाकीच्यांत नाही, ते कॉम्प्युटर खोटं समजून पुसून टाकतो. विमानाचा दिवा पुसतो, तशी उल्काही पुसतो. म्हणून उल्का सुट्या फोटोंतून शोधून उचलायच्या आणि रचलेल्या आकाशावर आपापल्या जागी बसवायच्या. तीन रात्रींच्या सगळ्या उल्का मिळून एक चित्र करायचं होतं. हजार फोटो डोळ्यांखालून घालण्यापेक्षा वहीतल्या वेळा घेऊन थेट तिथं जायचं, असं ठरलं होतं.

सकाळी दहाला आम्ही बसलो. माझी ड्यूटी साडेचारची होती.

पहिला तासभर मजेत गेला. सापडली की जमील चहाचा कप पडद्यापुढं धरून “ही घ्या” म्हणायचा. मग न सापडणाऱ्या वाढल्या. आम्हाला वाटलं, कॅमेऱ्याचं घड्याळ मागंपुढं असेल. दोघांनी मिळून पाहिलेली एक हिरवी उल्का होती, तिच्यावरून जमीलनं फरक काढला. चाळीस सेकंदांचा निघाला. तेवढा धरून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ज्या सापडत होत्या त्या सापडल्या, ज्या नव्हत्या त्या नव्हत्याच.

“तुझ्या मशीननं पुसल्या असतील,” मी म्हणालो.

“भाऊ, आपण रचलेला फोटो पाहून राहिलो नाही. हे सुटे आहेत, कॅमेऱ्यातून निघाले तसे. याला कोणी हात लावला नाही.”

“मग तुझ्या लेन्सवर धूळ आहे. हे ठिपके पाहा किती आहेत.”

“कुठं?”

“हे काय. डासांसारखे.”

“धूळ तर मी सकाळीच काढली. लेन्सवर पांढरं कापड ताणून वेगळे फोटो घेतले होते, त्यांच्यावरून डाग वजा होतात.” तो पुढं वाकला. “मले एकही ठिपका दिसत नाही. बोट ठेवा.”

मी बोट ठेवलं. ठिपका बोटाखालून सरकून बाजूला गेला. मी रुमालानं पडदा पुसला. तरी ते होतेच, काजळी उडावी तसे. मी म्हटलं, पडदाच खराब असेल, आणि पुढची ओळ वाचली.

एकोणसाठावी ओळ संपली तेव्हा दीड वाजला होता. एकतीस सापडल्या होत्या. अठ्ठावीस ओळींपुढं फुल्या होत्या.

“झोपेत लिहिल्या काय मी?” मी हसून म्हणालो.

जमील हसला नाही. त्यानं वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचायला लागला. बराच वेळ वाचत होता. एकेका फुलीवर पेन्सिल टेकवत होता.

“पहिल्या रात्री दोन नाही सापडल्या,” तो म्हणाला. “दुसऱ्या रात्री सात. तिसऱ्या रात्री एकोणीस.”

“शेवटच्या रात्री जास्तच पडल्या ना.”

“ज्या सापडल्या त्या नाही वाढल्या तशा.” तो वहीतून वर पाहत नव्हता. “पहिल्या रात्री आपण नऊला बसलो. खुर्चीचं तोंड कुठं होतं?”

“उगवतीकडं.”

“दुसऱ्या रात्री बारानंतर बसलो.”

“तेव्हा दक्षिणेकडं. आणि तिसऱ्या रात्री पहाटे, मावळतीकडं. काहून?”

त्यानं वही माझ्यापुढं ठेवली. “सापडलेल्या एकतीस पाहा. उजवीकडे, वर, डोक्यावर, डावीकडे, सगळीकडे आहेत. आता फुल्यांच्या वाचा.”

मी वाचल्या. डाव्या हाताला, कमानीसारखी. डाव्या हाताला. डाव्या हाताला, अर्धगोल. पान उलटलं. डाव्या हाताला.

“अठ्ठावीसच्या अठ्ठावीस,” जमील म्हणाला. “खुर्ची तीन दिशांना होती, भाऊ. आभाळातली उल्का तुमची खुर्ची कुठं वळली ते पाहून पडत नाही.”

मला राग आला. मी काहीतरी बोललोही, काय ते आठवत नाही. त्यानं ते ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “डोक्याले काही लागलं होतं काय इतक्यात?”

तीन आठवड्यांपूर्वी चाकाचा नट खोलताना पाना सटकून माझ्या डाव्या भुवईवर बसला होता. दोन दिवस काळंनिळं होतं, मग गेलं. मी ते सांगितलं.

जमील उठला. स्टुडिओच्या दाराचा पडदा ओढून त्यानं उजेड कमी केला आणि तीन रात्रींचं रचलेलं आकाश पूर्ण पडद्यावर लावलं. इतकं सुंदर चित्र त्यानं आधी कधी केलं नव्हतं. मृगाच्या तलवारीतला धूर गुलाबी दिसत होता. खाली पहिल्या रात्रीच्या एका फोटोतून उचलून बसवलेली झाडांची ओळ.

“डावा डोळा झाका,” तो म्हणाला.

मी झाकला. चित्र तसंच होतं.

“आता उजवा झाका. मध्ये पाहा.”

मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

चित्राचा खालचा भाग नव्हता. झाडं नव्हती. मृगाचे पाय नव्हते. तिथं राखेच्या पाण्यासारखं काहीतरी खालून वर आलं होतं, त्याची कड फुगीर होती, आणि मी नजर हलवली की तेही डुचमळत होतं. मी हात काढला. झाडं परत आली. मी पुन्हा झाकला. गेली.

“काय दिसते?” जमीलनं विचारलं.

मी म्हणालो, “खालून बुडालंय.”

तो समोरच्या स्टुलावर बसला. “माझ्या अम्मीले डोळ्याच्या आतच असे काजवे चमकताना दिसायचे,” तो म्हणाला. “अशक्तपणा असेल म्हणून आम्ही महिनाभर गोळ्या देत राहिलो. मग त्या डोळ्यानं दिसणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटला, लवकर आणलं असतं तर वाचला असता.” मग तो उठून म्हणाला, “आजच जाऊ. अमरावतीले.”

पण मी डोळ्याचा विचार करत नव्हतो. मला आदली संध्याकाळ आठवली होती.

आदल्या संध्याकाळी मी चिखलदऱ्याहून गाडी उतरवत होतो. अंधार पडला होता. एका वळणावर डाव्या बाजूनं, डोंगराच्या अंगानं, एकदम उजेड आला. मोटारसायकल आत घुसली असं मला वाटलं आणि “मोटारसायकल!” असं ओरडत मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. उजवीकडे दरी. पुढचं चाक कडेच्या चुना मारलेल्या दगडाला घासलं आणि गाडी थांबली. कंडक्टर तायडेबाईंचा खांदा दांड्यावर आपटला. त्यांनी विचारलं, “मोटारसायकल कुठं गेली?” मी म्हणालो, “गेली निघून.” मागून कोणीतरी म्हणालं, ड्रायव्हरनं वाचवलं पोराला. मी घरी जाऊन हे बायकोला, कुंदाला सांगितलं होतं, थोडं मिरवूनच. माणसाचा जीव वाचवला म्हणून तिनं रात्री दिवा लावला.

उजेड डाव्या हाताला आला होता. कमानीसारखा.

मोटारसायकल नव्हतीच. गाडीत एक्केचाळीस माणसं होती. शेवटच्या सीटवर एक बाळंतीण होती, तिला स्टँडवर उतरवताना मीच पिशवी धरली होती. आणि चाक घासलं त्या दगडाच्या पलीकडे वीतभरही जमीन नव्हती. ते मी तेव्हाच खाली उतरून पाहिलं होतं.

जमीलला हे काहीच सांगितलं नाही.

“उद्या जाऊ,” मी म्हणालो. “आजची फेरी करून येतो. ऐनवेळी माणूस मिळत नाही त्यांना.”

आज मागं वळून पाहतो तेव्हा हे वाक्य मला सगळ्यात जास्त भिववतं. मला सगळं समजलं होतं. तरी मी ते बोललो. एकदा कागदावर डोळ्याचं नाव आलं की स्टिअरिंग कायमचं गेलं, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. मला दरीची भीती वाटत होती, पण या गोष्टीची जास्त वाटत होती.

जमीलनं वाद घातला नाही. कॉम्प्युटर बंद केला, खुंटीवरचं स्वेटर अंगात घातलं आणि शटरची किल्ली घेतली.

“तू कुठं?” मी विचारलं.

“तुमच्या गाडीत. पहिल्या सीटवर बसतो.”

“कशाले?”

“तुम्ही चालवणार ना. मग मी बसतो.”

“येडा झाला काय? घाट आहे.”

“हाव,” तो म्हणाला. “म्हणून तर.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, तो घाबरलेला होता, आणि तरी येऊन बसणार होता. मी त्याला नको म्हणालो होतो. म्हणजे जमील बसू नये असं मला वाटत होतं, आणि बाकीची चाळीस माणसं बसली तर चालणार होती. मी शटरजवळच्या पायरीवर खाली बसलो.

मग मी कुंदाला फोन करून एवढंच सांगितलं की शाल घेऊन स्टँडवर ये.

स्टुडिओपासून कंट्रोलरची खोली शंभर पावलांवर. त्या शंभर पावलांत मी चार वेळा उजवा डोळा झाकून पाहिला. प्रत्येक वेळी येणाऱ्या रिक्षांना चाकं नव्हती. आणि दर वेळी पाणी केसभर वर आल्यासारखं वाटत होतं. खरंच येत होतं की भीतीनं, ते सांगता येणार नाही.

कंट्रोलर इंगळेसाहेब शांत माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद पुढं केला. “गावंडे, लिहून द्या. डोळ्याचा त्रास, आजपासून रजा. एवढं पुरे.”

मी तेवढं लिहिलं. पण पेन कागदावरून उचललं नाही. खाली लिहिलं: काल संध्याकाळच्या फेरीत घाटात मी गाडी उजवीकडे घेतली, तेव्हा समोर कोणतंही वाहन नव्हतं. ते मला दिसलं असं वाटलं होतं.

तायडेबाई आल्या होत्या, मला वाटलं तिकिटांचं मशीन घ्यायला. त्या माझ्या मागं उभ्या राहून वाचत होत्या.

“हे कोणी विचारलं नव्हतं तुमाले,” त्या म्हणाल्या.

“तुमाले माहीत होतं?”

“मी समोरच्या काचेतूनच पाहत होती. रस्ता मोकळा होता.”

“मग बोलल्या काहून नाही?”

त्यांनी खांदा चोळला. “तुम्ही पाहिली म्हणाले. मले वाटलं, माझंच लक्ष नसेल. एवढ्या वर्षांत तुमची नजर चुकली असं कधी झालंच नाही ना.” मग त्यांचा आवाज बदलला. “रात्रभर झोप नाही आली मले, गावंडेभाऊ. आज रजा टाकायला आली होती मी. मशीन नव्हती घ्यायला आली.”

इंगळेसाहेबांनी कागद वाचला, घडी केली आणि खिडकीतून सरोदेला हाक मारली. सरोदे नुकताच अमरावतीची फेरी करून आला होता आणि डबा खात होता. चांगला ड्रायव्हर, पण त्यानं वर्षभरात घाटात गाडी नेली नव्हती. त्यानं डब्याला झाकण लावलं आणि उठला. मी त्याला सांगितलं, दुसरा गियर सोडू नको, तिसऱ्या वळणावर दगड हललेला आहे. तो हो म्हणाला. तायडेबाई क्षणभर थांबल्या, मग मशीन घेऊन त्याच्या मागं गेल्या.

माझी गाडी साडेचारला माझ्याशिवाय निघाली. आम्ही तिघं अमरावतीच्या गाडीत बसलो.

वाटेत मी कुंदाला सगळं सांगितलं, तिनं एकच प्रश्न विचारला. “काल मोटारसायकल नव्हती?” मी नाही म्हणालो. तिनं माझा हात धरला आणि अमरावती येईपर्यंत सोडला नाही. गाडी खड्ड्यात आदळली की मी डोळे मिटून घ्यायचो. काजवे मिटल्या डोळ्यांतही चमकत होते, आता सारखे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध घालून अर्धा तास बसवलं आणि मग कितीतरी वेळ आत पाहिलं. “पडद्याला वरच्या बाजूला चीर आहे,” त्या म्हणाल्या. “तिथून तो सुटत खाली येतोय. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून तुम्हाला खालून बुडाल्यासारखं दिसतं. मधला भाग अजून चिकटलेला आहे, तेवढ्यावर तुमची नजर आहे. तो सुटला तर फार काही करता येत नाही. उद्या सकाळी सगळ्यात आधी तुम्हाला घेते. तोवर हलायचं नाही. मान वळवायची नाही. कशानं लक्षात आलं?”

“फोटोंवरून,” जमील म्हणाला. बाईंना ते कळलं नाही आणि त्यांनी पुढं विचारलंही नाही.

डोळा वाचला, पुरता नाही. ड्रायव्हरचं काम सुटलं. पुढची अकरा वर्षं मी आगारातच टायरच्या हिशोबाला बसलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मी डोळ्याला विसरलो होतो.

सिस्टर ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. मला उताणं झोपवलं होतं. घाटाची गाडी आठला परत स्टँडवर लागते.

“थांबा जरा,” मी म्हणालो. “जमील, स्टँडवर फोन लाव.”

त्यानं लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

“सही करा ना,” सिस्टर म्हणाली. “मला पुढं जायचंय.”

“पुन्हा लाव.”

कुंदा पलंगाच्या कडेला उभी होती. तिनं सिस्टरला काहीतरी हळूच सांगितलं आणि सिस्टर स्टूल ओढून बसली. जमीलनं पुन्हा लावला. आठ वीस. मला प्रत्येक वळण दिसत होतं. सरोदे कुठं ब्रेक लावेल, कुठं उशीर करेल, ते मी छताकडे पाहत मोजत होतो. डाव्या हाताला काजवे पडत होते. आठ पंचवीसला जमीलनं तिसऱ्यांदा फोन लावला आणि तो बोलायला लागला.

“हाव साहेब. हाव, इथंच आहेत.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आली, भाऊ. आत्ताच लागली.”

“किती माणसं उतरली?”

त्यानं ते फोनमध्ये विचारलं. पलीकडून इंगळेसाहेबांचा आवाज बारीक ऐकू येत होता.

“मोजली नाहीत म्हणतात. सगळी उतरली. गाडी रिकामी उभी आहे.”

मी सिस्टरकडे हात पुढं केला. तिनं पेन दिलं आणि कागद माझ्या डोळ्यांसमोर वर धरला, आणि मी झोपल्या झोपल्या सही केली.